कॉलेजात तेराशे यार्ड धावलेला रनिंग बॅक एनएफएलमध्ये टिकेल का?

अमेरिकन फुटबॉलबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे ओहायोत एमएस करताहेत, त्यांच्या विद्यापीठाचा संघ मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये, म्हणजे मधल्या फळीतल्या विद्यापीठांच्या एका गटात, खेळतो. संघाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळणारा खेळाडू, तिसऱ्या वर्षाला आहे. या मोसमात तेराशे यार्डांच्या पुढे गेलाय, चौदा टचडाउन केलेत (म्हणजे तितक्यांदा चेंडू समोरच्या शेवटच्या रेषेपार नेलाय), उंची पाच फूट दहा इंच, वजन २०५ पौंड. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगचे संघ पाळीपाळीनं कॉलेजातले खेळाडू निवडतात त्यात, बॉयसी स्टेटसारख्या मधल्या फळीतल्या कॉलेजचा अॅश्टन जेंटी सहाव्या क्रमांकावर गेला, मग आमच्या पोराला संधी किती? त्यानं याच वर्षी ड्राफ्टला उतरावं का? आणि संघ हे ठरवतात कशावरून?

आधी सरळ उत्तर देतो. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून ड्राफ्टमध्ये त्याचं नाव पुकारलं जाण्याची शक्यता कमी वाटते. ड्राफ्ट संपल्यावर एखाद्या संघाचा फोन येऊन उन्हाळी शिबिराला बोलावणं येण्याची शक्यता बरी आहे. पण तिथे गेल्यावर तो टिकेल की नाही, हे या तेराशे यार्डांवर जवळजवळ ठरतच नाही. चेंडू हातात नसताना तो काय करतो यावर ते ठरतं, आणि तुमच्या प्रश्नात नेमकं त्याबद्दलच काही नाही. यात तुमची चूक नाही, टीव्हीवर ते दाखवतच नाहीत.

मी टेक्सासमध्ये शाळेत गणित शिकवतो आणि शाळा सुटल्यावर संघातल्या रनिंग बॅकना तयार करतो. त्याआधी काही वर्षं एका कॉलेजच्या फुटबॉल विभागात सामन्यांच्या टेप कापून प्रशिक्षकांसाठी लावून द्यायचं काम केलं. एकच धाव पंधरा-वीस वेळा मागे-पुढे करून बघायची सवय तिथे लागली, ती अजून सुटलेली नाही. खाली लिहितोय ते त्या सवयीतूनच आलंय.

यार्डांचं आधी बघू. धावलेला प्रत्येक यार्ड दोन जणांच्या नावावर असायला हवा: पुढे वाट मोकळी करणारे लाइनमन आणि चेंडू घेऊन पळणारा. हिशेबात मात्र तो एकट्या पळणाऱ्याच्या नावावर चढतो. म्हणून टेप बघताना आम्ही प्रत्येक धावेचे दोन तुकडे करतो. पहिला धक्का बसेपर्यंत किती यार्ड मिळाले आणि धक्का बसल्यावर किती. पहिला तुकडा मुख्यतः लाइनचा, दुसरा त्या मुलाचा स्वतःचा. अलाबामाचा ट्रेंट रिचर्डसन २०१२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला. कॉलेजात त्याच्यापुढे देशातली सर्वोत्तम लाइन होती. व्यावसायिक खेळात तशी वाट कुणी मोकळी करून देईना, तेव्हा त्याला ती स्वतः शोधता आली नाही. दुसऱ्याच मोसमात क्लीव्हलंडनं त्याला इंडियानापोलिसला देऊन टाकलं आणि २०१४ नंतर तो एनएफएलच्या नियमित मोसमात दिसला नाही.

तुमच्याच कॉन्फरन्समधली दोन नावं घेतो. बफेलो विद्यापीठाचा जॅरेट पॅटरसन २८ नोव्हेंबर २०२० ला केंट स्टेटविरुद्ध एकाच सामन्यात ४०९ यार्ड धावला, आठ टचडाउन केले. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात असे सामने हाताच्या बोटांवर मोजता येतील. पुढच्या वसंतात ड्राफ्टच्या सातही फेऱ्या संपल्या, ३२ पैकी एकाही संघानं त्याचं नाव घेतलं नाही. वॉशिंग्टननं नंतर त्याला करार दिला, तो थोडाफार खेळला, पण कायमची जागा झाली नाही. उंची साडेपाच फुटांच्या आसपास, आणि एका सामन्यात किती पळतो याला संघांच्या लेखी फार वजन नव्हतं.

दुसरं नाव टोलीडोच्या करीम हंटचं. कम्बाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या चाचणी शिबिरात, ४० यार्ड धावायला त्याला ४.६२ सेकंद लागले, म्हणजे रनिंग बॅकसाठी अगदी सामान्य वेळ. तरी २०१७ मध्ये कॅन्सस सिटीनं त्याला तिसऱ्या फेरीत, ८६ व्या क्रमांकावर घेतलं. व्यावसायिक कारकिर्दीतल्या पहिल्याच धावेत त्याच्या हातून चेंडू सुटला. त्याच सामन्यात, न्यू इंग्लंडसारख्या गतविजेत्या संघाविरुद्ध, धावून आणि झेलून मिळून त्यानं २४६ यार्ड केले. आणि त्या मोसमात १,३२७ यार्डांसह धावण्यात सगळ्या लीगमध्ये पहिला आला. टोलीडोतल्या शेवटच्या वर्षाचे त्याचे आकडे बघा: ४१ झेल. कॉलेजातल्या रनिंग बॅकसाठी हा मोठा आकडा आहे आणि कॅन्सस सिटीला तोच हवा होता.

तुमच्या संघातल्या या मुलाचे झेल किती? प्रश्नात लिहिले नाहीत. दहा-बारा असतील तर त्याच्यासाठी ती पहिली अडचण आहे.

आता दृष्टी. रनिंग बॅकची दृष्टी म्हणजे नक्की काय, हे एका चालीवरून सांगतो. ‘इनसाइड झोन’ ही चाल शाळेपासून एनएफएलपर्यंत सगळे खेळतात. लाइनमन एका बाजूला एकत्र सरकतात. रनिंग बॅक चेंडू घेतो आणि गार्ड नावाच्या लाइनमनच्या मागच्या बाजूचा रोख धरतो. त्यानं लगेच फट शोधायची नसते. दोन-तीन पावलं लाइनच्या अगदी पाठीला जाऊन भिडायचं, असं वाटावं की हा इथूनच घुसणार. समोरचा लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या पहिल्या रांगेमागे उभा असलेला खेळाडू, ती फट बुजवायला पुढे आला, की त्याच क्षणी एक पाय रोवून मागच्या फटीतून निघायचं. कबड्डीतला मुरलेला चढाईपटू कोपरारक्षकाच्या चेहऱ्याकडे बघत नाही, पायांकडे बघतो. इथेही तसंच, नजर बचावपटूच्या कमरेवर आणि पायांवर हवी. घाई करणारा मुलगा पहिल्याच पावलाला बाहेर पळतो. शाळेत त्यात त्याला टचडाउन मिळतो, कॉलेजात दहा यार्ड मिळतात, एनएफएलमध्ये उणे दोन.

असं होण्याचं एक कारण मैदानावरच आखलेलं असतं. कॉलेजच्या मैदानावर हॅश मार्कच्या, म्हणजे चेंडू कुठे ठेवायचा ते ठरवणाऱ्या खुणांच्या, दोन ओळी एकमेकींपासून ४० फूट लांब असतात. एनएफएलमध्ये हे अंतर साडेअठरा फूट. चेंडू एका हॅशवर ठेवला की कॉलेजात मैदानाची एक बाजू खूप रुंद उरते. वेगवान मुलगा त्या बाजूला पळाला की त्याला गाठायला बचावाला वेळ लागतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ मधोमधच असतो, ती रुंद बाजूच उरत नाही. शिवाय तिथला लाइनबॅकरही त्या मुलाइतकाच वेगवान. त्यामुळे टेप बघताना रुंद बाजूला बाहेरून काढलेल्या लांब धावा मी बाजूला ठेवतो. त्या वजा केल्यावर किती यार्ड उरतात ते बघतो. बऱ्याच मुलांचे निम्मेसुद्धा उरत नाहीत.

यापुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फुटबॉलमध्ये दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. तिसऱ्या प्रयत्नाला सात-आठ यार्ड हवे असतील तर चेंडू फेकला जाणार हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. अशा वेळी रनिंग बॅकचं काम क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, वाचवणं. चाल सुरू व्हायच्या आधीच त्यानं समोरच्या बचावाकडे बघून ओळखायचं की कोण धावून येणार आहे. नियम साधा: आतून येणारा आधी, बाहेरून येणारा नंतर, कारण आतून येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंतची वाट सर्वांत जवळची. चाल सुरू झाली. आतला लाइनबॅकर दोन लाइनमनच्या मधून सुसाट येतोय, वजन २३५ पौंड. रनिंग बॅक मागे सरकला तर तो लाइनबॅकर त्याला घेऊन थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर पडेल. म्हणून एक पाऊल पुढे टाकून, लाइनजवळच त्याला गाठायचं. कंबर खाली, मान वर, दोन्ही हात त्याच्या छातीवर आतल्या बाजूनं. हे सगळं एका सेकंदाच्या आत. मान खाली घातली की समोरचा हातानं डोकं दाबून निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांसमोर ती टेप पुन्हा पुन्हा लावली जाते.

डॅलसनं २०२४ मध्ये क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटशी वर्षाला सहा कोटी डॉलरचा करार केला. ज्याच्यावर एवढा पैसा लावलाय, त्याच्या पाठीमागे असा मुलगा कुठलाही संघ उभा करणार नाही जो आत येणाऱ्याला ओळखू शकत नाही. नव्या रनिंग बॅकना पहिल्या वर्षी बाकावर बसवण्याचं सर्वांत मोठं कारण हेच असतं. धावता येत नाही म्हणून फार थोडे बसतात.

याचं उलटं उदाहरण नोत्र दामच्या कायरन विल्यम्सचं. कम्बाइनमध्ये त्यानं ४० यार्डांना ४.६५ सेकंद घेतले, वजन २०० पौंडांच्या आत, आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या फेरीपर्यंत, १६४ व्या क्रमांकापर्यंत घसरला. पण कॉलेजच्या टेपमध्ये तो क्वार्टरबॅकवर धावून येणाऱ्याला छातीवर घेताना दिसायचा, तेही आनंदानं. रॅम्सनं त्याला घेतलं. २०२३ मध्ये १२ सामन्यांत तो १,१४४ यार्ड धावला आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये तीन वर्षांचा, ३ कोटी ३० लाख डॉलरचा करार घेऊन बसला. त्याच्यापेक्षा वेगवान कितीतरी मुलं त्या ड्राफ्टमध्ये होती.

ड्राफ्टमध्ये निवड न झालेल्या किंवा शेवटच्या फेरीत निवडलेल्या मुलाला आणखी एका दारातून आत यावं लागतं, ते म्हणजे स्पेशल टीम्स, चेंडूला लाथ मारून होणाऱ्या चालींचे गट: किक-ऑफ, पंट, त्यांचा बचाव. संघाच्या ५३ जणांच्या यादीत रनिंग बॅकच्या जागा तीन, फार तर चार. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या रनिंग बॅकनं किक-ऑफला पळत जाऊन टॅकल केला पाहिजे, नाहीतर प्रशिक्षक ती जागा एखाद्या लाइनबॅकरला देतात. कोलोराडोतल्या गनिसन गावच्या लहानशा कॉलेजातून, कॉलेज फुटबॉलच्या खालच्या, दुसऱ्या विभागातून, ऑस्टिन एकलर २०१७ मध्ये चार्जर्सच्या शिबिरात गेला. ड्राफ्टमध्ये त्याचं नावही नव्हतं. स्पेशल टीम्समधल्या मेहनतीवर त्यानं यादीत जागा मिळवली, मग झेल घेणारा रनिंग बॅक झाला आणि २०२२ मध्ये त्यानं एका मोसमात १०७ झेल घेतले. रटगर्सचा आयझाया पचेको २०२२ मध्ये सातव्या फेरीत, २५१ व्या क्रमांकावर गेला. सुरुवातीला किक परतवायचं काम होतं, मोसमाच्या मध्यावर मुख्य रनिंग बॅक झाला आणि त्याच वर्षी सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघातून खेळला. जॅकरी क्रॉस्की-मेरिटचं प्रकरण तर त्याहून बोलकं आहे. पात्रतेच्या वादामुळे २०२४ मध्ये अॅरिझोनाकडून तो एकच सामना खेळू शकला. तरीही वॉशिंग्टननं त्याला सातव्या फेरीत २४५ व्या क्रमांकावर घेतलं आणि पुढच्या मोसमाच्या सुरुवातीलाच तो आक्रमणात खेळत होता. आदल्या वर्षाचे यार्ड त्याच्याकडे नव्हतेच. संघानं टेप बघितली होती.

आता जेंटी. त्याचं नाव तुम्ही घेतलंत आणि ते घेतलं जाणारच, पण तुमच्या मुलाशी त्याची तुलना का होत नाही ते नीट सांगायला हवं. बॉयसी स्टेट माउंटन वेस्टमध्ये खेळत होतं, तुमच्या कॉन्फरन्ससारखीच मधली फळी. २०२४ मध्ये ३७४ धावांत तो २,६०१ यार्ड गेला, २९ टचडाउन. १९८८ चा बॅरी सँडर्सचा २,६२८ यार्डांचा विक्रम २७ यार्डांनी राहिला, आणि सँडर्सनं तो ११ सामन्यांत केला होता हेही विसरू नये. पण संघांनी हा एकूण आकडा बघून त्याला घेतलं नाही. त्या २,६०१ पैकी सुमारे दोन हजार यार्ड पहिला धक्का बसल्यानंतरचे होते. म्हणजे वर सांगितलेला दुसरा तुकडा. उंची पाच फूट साडेआठ इंच, वजन २११ पौंड, मांड्या खांबासारख्या. बाजूनं धडक दिली तर तो पडतच नाही.

दुसरी गोष्ट, तगडा प्रतिस्पर्धी. सप्टेंबरमध्ये ओरेगॉनच्या मैदानावर, त्या वर्षी नियमित मोसमात एकही सामना न हरलेल्या संघाविरुद्ध, त्यानं १९२ यार्ड आणि तीन टचडाउन केले. बॉयसी स्टेट तीन गुणांनी हरलं, पण त्या रात्रीची टेप ३२ संघांनी बघितली असणार. माउंटन वेस्टमधले बाकी सगळे सामने एका पारड्यात आणि तो एक दुसऱ्या पारड्यात टाकला तरी मी दुसरं उचलीन.

तिसरी गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. २०२३ मध्ये, तो देशभर गाजायच्या आधी, जेंटीनं ४३ झेल घेऊन ५६९ यार्ड केले होते. २०२४ मध्ये झेल कमी झाले, कारण संघ त्याला चेंडू हातातच देत होता. पण झेलता येतं हे आधीच सिद्ध झालं होतं. म्हणून ४० यार्डांची धाव न लावताही रेडर्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं आणि साडेतीन कोटी डॉलरहून जास्त पूर्ण हमीचा करार दिला. जाता जाता सांगतो, जेंटी शाळेत असताना डॅलसजवळच्या फ्रिस्कोत खेळायचा. तिथल्या गल्ल्यांत आज मराठी घरं भरपूर आहेत आणि शुक्रवारी रात्री शाळांच्या सामन्याला आपले लोकही गर्दी करतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी त्याला तेव्हा बघितलं असेल.

‘रनिंग बॅकना आता किंमत नाही’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. त्यात तथ्य होतं. २०१३ आणि २०१४ मध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. २०२४ मध्येही नाही, पहिलं नाव ४६ व्या क्रमांकावर आलं. संघांचा विचार असा: चेंडू फेकून जास्त यार्ड मिळतात, रनिंग बॅक लवकर झिजतो आणि चौथ्या-पाचव्या फेरीतला मुलगाही काम चालवून नेतो. मग २०२४ च्या मोसमात सेक्वॉन बार्कली फिलाडेल्फियाकडून २,००५ यार्ड धावला आणि संघानं सुपर बोल जिंकला. डेरिक हेन्री तिशीत १,९२१ यार्ड गेला. लांब फेकी अडवण्यासाठी बचावांनी दोन सेफ्टी (शेवटचे बचावपटू) मागे ठेवायला सुरुवात केली होती, पुढे माणसं कमी पडली आणि धावायला जागा झाली. २०२५ च्या पहिल्या फेरीत जेंटी आणि ओमॅरियन हॅम्प्टन असे दोघं गेले. हा बदल खरा आहे, पण त्याचा फायदा वरच्या दहा-पंधरा नावांना होतो. तुमच्या मुलासारख्यांसाठी दरवर्षी साधारण वीस-पंचवीस रनिंग बॅक निवडले जातात, हे गणित फारसं हललेलं नाही.

दुखापतीबद्दल बोललं पाहिजे, आणि ते बोलताना मला नेहमी जड वाटतं. टॉड गर्ली जॉर्जियात असताना २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला. तरी २०१५ मध्ये दहाव्या क्रमांकावर गेला. २०१७ मध्ये लीगमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. २०१८ मध्ये मोठा करार मिळाला, आणि २०२० च्या मार्चमध्ये रॅम्सनं त्याला सोडलं. त्याच वर्षाच्या मोसमानंतर, सव्वीस वर्षांचा असताना, त्याचा खेळ संपला. तो सर्वोत्तमांपैकी एक होता. बाकीच्यांची कारकीर्द याहून खूप लहान असते. खेळाडूंच्या संघटनेचा वर्षानुवर्षं दिला जाणारा आकडा सांगतो की रनिंग बॅक सरासरी अडीच वर्षांच्या आसपास टिकतो. निवृत्तिवेतनाचा हक्क तीन मोसम पुरे केल्यावर मिळतो. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

म्हणूनच याच वर्षी उतरावं की थांबावं हा प्रश्न रनिंग बॅकच्या बाबतीत इतरांपेक्षा अवघड आहे. थांबण्याची किंमत काय असते याचं माझ्या डोळ्यांसमोरचं नाव म्हणजे स्टॅनफर्डचा ब्राइस लव्ह. २०१७ मध्ये २,११८ यार्ड, प्रत्येक धावेला आठ यार्डांहून जास्त सरासरी, कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइझमन ट्रॉफीच्या मतदानात दुसरा. तो ड्राफ्टला गेला नाही, शिक्षण पुरं करायला परतला. तो निर्णय विचारपूर्वक घेतलेला आणि आदर वाटावा असाच होता. २०१८ मध्ये दुखापतींनी त्याचा मोसम ७३९ यार्डांवर आला आणि शेवटी गुडघाही गेला. चौथ्या फेरीत ११२ व्या क्रमांकावर वॉशिंग्टननं घेतलं. एनएफएलच्या नियमित मोसमात तो एकदाही मैदानात उतरू शकला नाही.

पण लव्हचं उदाहरण तुमच्या मुलाला जसंच्या तसं लागू होत नाही. लव्ह २०१७ नंतर गेला असता तर त्याला वरची फेरी मिळाली असती, तुमच्या मुलाला आज तसं कुणी म्हणत नाही. शाळा सोडून तीन वर्षं झालेल्या कुठल्याही खेळाडूला कॉलेजमार्फत एनएफएलच्या सल्लागार समितीकडून मूल्यमापन मागवता येतं. उत्तर तीनपैकी एक येतं: पहिल्या फेरीची शक्यता, दुसऱ्या फेरीची शक्यता, किंवा कॉलेजातच राहा. पहिल्या दोनपैकी काही आलं तर रनिंग बॅकनं एक दिवसही थांबू नये, असं माझं ठाम मत आहे. तिसरं आलं आणि तरीही गेला तर तो कदाचित तिसऱ्या-चौथ्या फेरीत निघेल, कदाचित अजिबात नाही.

पैशाचं गणितही आता बदललंय. पूर्वी कॉलेजात राहणं म्हणजे फुकट अंग झिजवणं होतं. २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येतात आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेज थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात, २०२५-२६ मध्ये प्रत्येक कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मोठ्या कॉन्फरन्समधल्या संघाला असा तेराशे यार्डांचा मुलगा हवाच असतो. दुसरीकडे २०२५ मध्ये एनएफएलच्या मुख्य यादीतल्या नवख्याला कमीत कमी ८ लाख ४० हजार डॉलर, पण यादीबाहेर प्रॅक्टिस स्क्वॉडवर राहिला तर आठवड्याला १३ हजार, आणि तेही संघानं ठेवलं तितके आठवडे. पुढच्या मंगळवारी काढून टाकला तर तिथेच थांबलं.

माझा सल्ला असा: समितीचं उत्तर ‘राहा’ आलं तर त्यानं एक वर्ष थांबावं, पण त्याच जागी नाही. मोठ्या कॉन्फरन्समध्ये बदली घ्यावी आणि जिथे त्याला एकट्यानं साडेतीनशे वेळा पळवणार नाहीत असा संघ निवडावा. क्विनशॉन जडकिन्सनं ओले मिस सोडून ओहायो स्टेट निवडलं, जिथे ट्रेव्हियॉन हेंडरसन आधीपासून होता. दोघांनी काम वाटून घेतलं. २०२४ च्या मोसमात जडकिन्स १९४ वेळा धावला, हेंडरसन १४४ वेळा, दोघंही हजार यार्डांच्या पुढे, संघ राष्ट्रीय विजेता. २०२५ च्या ड्राफ्टमध्ये एक ३६ वा गेला, दुसरा ३८ वा. हेंडरसनची ब्लॉकिंगची टेप तर मी माझ्या मुलांना दाखवतो. कमी धावा म्हणजे कमी नाव, ही भीती पोरांना वाटते. पण संघ धावांच्या संख्येकडे झिजेचा हिशेब म्हणूनच बघतात.

अट एवढीच की नव्या ठिकाणी त्याला खरोखर खेळवणार असतील. बाकावर बसायला जाणार असेल तर टोलीडोतल्या हंटसारखं तिथेच चौथं वर्ष खेळलेलं बरं. हंटही चार वर्षं खेळूनच गेला होता.

तुम्हाला स्वतःला काही बघायचं असेल तर हे करा. तुमच्या कॉन्फरन्सचे नोव्हेंबरमधले सामने मंगळवारी-बुधवारी रात्री होतात, दुसरं काही चालू नसतं, एनएफएलसाठी खेळाडू हेरणारे स्काउटही तेच बघतात. पण त्याआधी सप्टेंबरमधला त्याचा एखाद्या मोठ्या कॉलेजविरुद्धचा सामना शोधा. मधल्या फळीतले संघ दरवर्षी असा एखादा सामना खेळतात आणि बहुतेक वेळा मार खातात. गुणफलकाकडे लक्ष देऊ नका. आवाज बंद करा आणि प्रत्येक तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नाला, फक्त त्याच्याकडे बघा. तिसरा डाउन आणि सात यार्ड असताना तो मैदानावर आहे का? बाहेर बसवून दुसऱ्याला आत आणत असतील तर त्याच्या स्वतःच्या प्रशिक्षकानंच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर देऊन ठेवलंय. आत असेल तर तो पुढे पाऊल टाकतो की मागे, ते बघा.

चेंडू कसा धरतो तेही बघा. टोक बोटांच्या कवेत, दुसरं टोक कोपराच्या खाचेत, चेंडू फासळ्यांना चिकटलेला, आणि गर्दीत शिरताना दुसरा हात वर. मोकळ्या मैदानात तो चेंडू अंगापासून लांब, पळण्याच्या तालावर हलवत असेल तर एनएफएलमधला कॉर्नरबॅक मागून येऊन मूठ मारून तो पाडणारच. अमुक मुलगा चेंडू सोडतो असं एकदा स्काउटच्या वहीत लिहिलं गेलं की ते पुसायला पूर्ण मोसम लागतो.

आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत, संघ पुढे असताना आणि सगळ्यांना ठाऊक असताना की आता चेंडू यालाच मिळणार, तेव्हा त्याला चार यार्ड मिळतात का ते बघा. सलग तीन-चार धावांना चार-चार यार्ड निघत असतील, तिसऱ्या डाउनला तो आत असेल, आणि वर्षाला पंचवीसच्या आसपास झेल असतील, तर माझं पहिलं वाक्य मी बदलीन: पाचव्या-सहाव्या फेरीत त्याचं नाव निघायला हरकत नाही. हे सामने बघून झाले की त्याचे झेल आणि तिसऱ्या डाउनचं काय दिसलं ते इथेच लिहा, जानेवारीच्या मध्यावर नाव द्यायची मुदत संपते, त्याआधी बोलता येईल.